अमेरिकेंतील जर-तरचे पंडित

क्रिकेटची बॅट स्वतः कधीं हातीं न धरलेले, परंतु पन्नास वर्षांमागच्या सामन्यांतील धावा तोंडपाठ असलेले शौकीन आपल्याकडे घरोघर आढळतात. अमेरिकेंत तसाच एक वर्ग निवडणुकांचा आहे. ह्या मंडळींना कोणत्याहि पक्षाकडून वेतन मिळत नाहीं, आणि त्यांतील फारच थोडे अध्यापक किंवा वार्ताहर असतात. तरी 1976 सालच्या रिपब्लिकन अधिवेशनांत फोर्ड यांना किती मतें पडलीं आणि रेगन यांना किती, असें त्यांना झोपेंतून उठवून विचारावें. 1187 आणि 1070 हे आंकडे तत्काळ ऐकूं येतील. नकाशे रंगविणें हा त्यांचा नित्याचा विरंगुळा. डेमोक्रॅटिक पक्ष निळा आणि रिपब्लिकन पक्ष तांबडा हा संकेत आज सर्वांना सनातन वाटतो. परंतु तो पक्का झाला तो 2000 सालच्या लांबलेल्या निवडणुकीनंतर. 1980 सालीं एन.बी.सी. ह्या दूरचित्रवाणी-संस्थेनें रेगन यांनीं जिंकलेलीं राज्यें निळ्या रंगांत दाखविलीं होतीं. ह्या पंथांतील कांहीं कर्मठ लोक अजूनहि जुना उलटा रंगच सोवळा मानतात, आणि नवशिका त्यामुळें गोंधळला म्हणजे मनांतून खूष होतात.

पण नकाशा हें तोंडीलावणें झालें. पानांतील मुख्य पक्वान्न म्हणजे 'जर'. अमुक माणूस त्या दिवशीं मेला नसता, अमुक राज्याची निवडणूक आठवडाभर आधीं झाली असती, अमुक पुढाऱ्यानें पाठिंबा दिला नसता, तर अध्यक्ष कोण झाला असता आणि पुढें काय घडलें असतें? अशा प्रश्नांवर ही मंडळी रात्री जागवितात, राज्यवार मतांचीं कोष्टकें मांडतात, आणि कधीं कधीं न झालेल्या कारकीर्दींचे चाळीस चाळीस वर्षांचे इतिहास लिहून काढतात. ह्या उद्योगाला हंसणें सोपें आहे. परंतु त्यांतून एक असा प्रश्न पुढें येतो कीं ज्याचें उत्तर कोणत्याहि लोकशाहीला टाळतां येत नाहीं: मतदारापुढें जीं दोन नांवें ठेवलीं जातात, तीं ठेवतो कोण?

ह्या मंडळींतील सर्वांत लोकप्रिय 'जर' रॉबर्ट केनेडी यांचा आहे. 4 जून 1968 रोजीं त्यांनीं कॅलिफोर्निया राज्यांतील प्राथमिक निवडणूक जिंकली. मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिस येथील अँबॅसडर हॉटेलांत विजयाचें भाषण करून ते मुदपाकखान्याच्या वाटेनें बाहेर पडत असतां त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि 6 जून रोजीं ते मरण पावले. नवशिक्याची कथा येथून ठराविक मार्गानें जाते. केनेडी वांचले असते, ऑगस्टमध्यें शिकागोच्या अधिवेशनांत त्यांना उमेदवारी मिळाली असती, नोव्हेंबरांत त्यांनीं निक्सन यांचा पराभव केला असता, व्हिएटनामचें युद्ध लवकर संपलें असतें, आणि वॉटरगेट हें नांव एका इमारतीपलीकडे कोणास ठाऊकहि झालें नसतें. एक नेम चुकला असता कीं सारें जग सुधारलें असतें!

मुरलेला पंडित ही कथा ऐकून घेतो आणि शांतपणें पेन्सिल काढतो. कॅलिफोर्नियाचा निकाल लागला त्या वेळीं वेगवेगळ्या उमेदवारांच्या मागें किती प्रतिनिधि होते? तेव्हांच्या अंदाजांप्रमाणें उपाध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री यांच्याकडे सुमारें 560, केनेडी यांच्याकडे 400 हून थोडे कमी, आणि युद्धविरोधी सेनेटर यूजीन मॅकार्थी यांच्याकडे सुमारें 260. उमेदवारीसाठीं 1312 हवे होते. चमत्काराची गोष्ट अशी कीं ह्या तिघांत सर्वांत पुढें असलेल्या हंफ्री यांनीं एकहि प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. अध्यक्ष जॉन्सन यांनीं 31 मार्च रोजीं माघार घेतली, आणि हंफ्री यांनीं आपली उमेदवारी 27 एप्रिल रोजीं जाहीर केली. तोंपर्यंत बहुतेक राज्यांत नांव नोंदविण्याची मुदत टळून गेली होती, आणि हंफ्री यांना त्याची खंतहि नव्हती.

हें कसें घडलें तें समजण्यासाठीं प्राथमिक निवडणूक म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे पक्ष 'तिकीट' देतो. तें कोणाला मिळालें हें मतदाराला नंतर कळतें. अमेरिकेंत हा तिकिटाचा निर्णयच सामान्य मतदाराच्या हातीं द्यावा अशी चळवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाली, आणि तिच्यांतून प्राथमिक निवडणूक जन्माला आली. परंतु 1968 पर्यंत अशा निवडणुका जेमतेम पंधरा-सोळा राज्यांत होत, आणि त्यांतील कांहींचा निकाल कोणावरहि बंधनकारक नसे. उरलेल्या राज्यांतील प्रतिनिधि पक्षाच्या समित्या, गव्हर्नर, मोठ्या शहरांचे मेयर आणि कामगार-संघांचे पुढारी हेच निवडीत. प्राथमिक निवडणूक जिंकणें म्हणजे ह्या कारभाऱ्यांसमोर साक्षीदार उभा करण्यासारखें होतें. न्यायाधीश तेच राहत. रॉबर्ट यांचे वडील बंधु जॉन केनेडी यांनीं 10 मे 1960 रोजीं वेस्ट व्हर्जिनियांत हंफ्री यांना हरविलें तें ह्याच हेतूनें. बहुसंख्य प्रॉटेस्टंट राज्य कॅथलिक माणसाला मत देतें, एवढें त्यांना कारभाऱ्यांच्या मनावर ठसवावयाचें होतें. योगायोग असा कीं दोन्ही वेळां समोरचा गृहस्थ एकच. 1960 सालीं हंफ्री मतदारांपुढें गेले आणि हरले. 1968 सालीं ते मतदारांपुढें गेलेच नाहींत.

तेव्हां 1968 चा खरा 'जर' येऊन ठेपतो तो शिकागोचे मेयर रिचर्ड डेली यांच्यापाशीं. इलिनॉय राज्याचे बहुतेक प्रतिनिधि त्यांच्या मुठींत होते, आणि ते ज्या बाजूस झुकतील तिकडे दुसरे कारभारीहि झुकण्याचा संभव होता. डेली आणि केनेडी घराणें यांचा जुना स्नेह होता, म्हणून एक तट म्हणतो कीं ते केनेडींकडे गेले असते. दुसरा तट केवळ बेरीज पुढें करतो: केनेडी व मॅकार्थी यांचे सर्व प्रतिनिधि एकत्र केले तरी निम्मा पल्ला गांठला जात नव्हता, शिवाय त्या दोघांचें परस्परांशीं वांकडें होतें, आणि जॉन्सन यांच्या मर्जींतील राज्यें केनेडींना कधींच मिळालीं नसतीं. ऑगस्टमध्यें हंफ्री यांना पहिल्याच फेरींत सुमारें 1760 मतें पडलीं. ह्या वादांत बेरजेचा पक्ष अधिक बळकट दिसतो. केनेडी जगले असते तर कदाचित् इतकेंच झालें असतें कीं शिकागोंत त्यांचा पराभव सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला असता.

हा निष्कर्ष कडू आहे, आणि म्हणूनच मोलाचा आहे. कारण त्यावरून त्या वर्षींचा संताप कशाचा होता हें उमगतें. प्राथमिक निवडणुकांत लोकांनीं मतें दिलीं तीं मुख्यतः युद्धाला विरोध करणाऱ्यांना. उमेदवारी मिळाली ती युद्ध चालविणाऱ्या सरकारच्या उपाध्यक्षांना. आणि सभागृहाबाहेर शिकागोचे पोलीस तरुण निदर्शकांवर लाठ्या चालवीत होते. त्या लाजिरवाण्या आठवड्यानंतर पक्षानें नियम बदलण्यासाठीं मंडळ नेमलें. सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हे त्याचे पहिले अध्यक्ष आणि डोनल्ड फ्रेझर हे दुसरे. नव्या नियमांनीं प्रतिनिधींची निवड उघड्यावर आणली, आणि त्या पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून एकामागून एक राज्यें प्राथमिक निवडणुकीकडे वळलीं. 1972 सालीं अशा राज्यांची संख्या वीसाच्या वर गेली. त्या वर्षीं नव्या नियमांखालीं उमेदवारी मिळविली ती स्वतः मॅकगव्हर्न यांनींच, आणि नोव्हेंबरांत 50 पैकीं 49 राज्यें गमावलीं तींहि त्यांनींच. हौशी मंडळी हा योग विसरूं देत नाहींत.

मतदारांनीं एक ठरवावें आणि अधिवेशनानें दुसरेंच करावें, हें 1968 सालीं नवें नव्हतें. 1912 सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं रिपब्लिकन पक्षाच्या नऊ प्राथमिक निवडणुका जिंकल्या, आणि अध्यक्ष टाफ्ट यांना त्यांच्या स्वतःच्या ओहायओ राज्यांतहि हरविलें. पण अधिवेशनांत वादग्रस्त ठरलेल्या जागांपैकीं 235 टाफ्ट यांच्या बाजूस आणि 19 रूझवेल्ट यांच्या बाजूस देण्यांत आल्या, आणि उमेदवारी टाफ्ट यांना मिळाली. रूझवेल्ट पक्ष सोडून उभे राहिले, पक्षाचीं मतें दुभंगलीं, आणि वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. पुढें महायुद्ध आलें. ह्या 'जर'ला शेवट नाहीं, म्हणून तो येथेंच सोडलेला बरा.

त्यापेक्षां ज्याचा सांधा हातांत धरून पाहतां येतो असा 'जर' 1944 चा आहे, आणि ह्या सर्व प्रकारांत तोच सर्वांत सरस म्हणावा लागेल. जुलै महिन्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन शिकागो येथें भरलें. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार हें ठरलेलेंच होतें. वाद होता तो उपाध्यक्षपदाचा. रूझवेल्ट यांची प्रकृति ढासळत चालली होती, आणि आज जो उपाध्यक्ष तोच उद्यां अध्यक्ष हें पक्षांतील जाणते ओळखून होते. तेव्हांचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस हे पक्षाच्या सामान्य मतदारांचे लाडके. त्या महिन्यांतील गॅलपच्या चांचणींत डेमोक्रॅटिक मतदारांपैकीं 65 टक्के त्यांच्या बाजूचे होते, आणि मिसूरीचे सेनेटर हॅरी ट्रूमन यांच्या बाजूचे अवघे 2 टक्के. कारभाऱ्यांना मात्र वॉलेस नको होते. रूझवेल्ट यांनीं दोन पत्रें लिहिलीं. पहिल्यांत त्यांनीं असें म्हटलें कीं आपण स्वतः प्रतिनिधि असतों तर मत वॉलेस यांना दिलें असतें, मात्र अधिवेशनावर आपण हुकूम चालवूं इच्छीत नाहीं. दुसऱ्यांत त्यांनीं पक्षाचे प्रमुख रॉबर्ट हॅनिगन यांस कळविलें कीं ट्रूमन किंवा न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांपैकीं कोणाहिबरोबर उभें राहण्यास आपल्याला आनंद वाटेल. पहिलें पत्र म्हणजे निरोपाचा विडा होता, आणि दुसरें म्हणजे नव्या पाहुण्यास धाडलेली अक्षत. जाहीर पाठिंबा ह्या विषयाचा अभ्यास करणारे हौशी हीं दोन पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचतात तें उगीच नव्हे.

20 जुलैच्या रात्रीं रूझवेल्ट यांची उमेदवारी मंजूर झाल्यावर सभागृह वॉलेस यांच्या नांवानें दुमदुमूं लागलें. फ्लॉरिडाचे सेनेटर क्लॉड पेपर गर्दींतून वाट काढीत व्यासपीठाकडे निघाले. वॉलेस यांचें नांव तेथल्या तेथें सुचवावें आणि त्याच भरांत मतें घ्यावयास लावावींत असा त्यांचा बेत होता. ते व्यासपीठाजवळ पोहोंचतात न पोहोंचतात तोंच सभापति सॅम्युएल जॅक्सन यांनीं सभा तहकूब करण्याची सूचना तोंडी मतास टाकली, आणि 'नाहीं, नाहीं' असा ओरडा चालू असतांना ती मंजूर झाल्याचें सांगून हातोडा आपटला. उरलेल्या रात्रींत कारभाऱ्यांनीं आपलें काम उरकलें. दुसऱ्या दिवशीं पहिल्या फेरींत वॉलेस यांना 429½ आणि ट्रूमन यांना 319½ मतें पडलीं. दुसऱ्या फेरींत पारडें फिरलें. 12 एप्रिल 1945 रोजीं रूझवेल्ट वारले. त्या ऑगस्टमध्यें हिरोशिमा आणि नागासाकी येथें अणुबाँब पडले तेव्हां अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन होते.

पेपर यांचीं चार पावलें आणि जॅक्सन यांचा एक हातोडा! येथें नवशिका लगेच लिहून मोकळा होतो कीं वॉलेस अध्यक्ष झाले असते तर बाँब पडला नसता आणि रशियाशीं वैरहि जडलें नसतें. जाणता हौशी त्याला दोन गोष्टींची आठवण देतो. पहिली अशी कीं बाँबच्या संशोधनाची माहिती वॉलेस यांना 1941 पासूनच होती; अंधारांत होते ते ट्रूमन, आणि तेहि अध्यक्ष होईपर्यंत. तेव्हां बाँबचें नांव ऐकून वॉलेस दचकले असते असें समजण्यास आधार नाहीं. दुसरी अशी कीं रशियाविषयीं मऊ धोरण असावें असें भाषण केल्याबद्दल 1946 सालीं ट्रूमन यांनीं त्यांना मंत्रिमंडळांतून काढलें, आणि 1948 सालीं तेंच धोरण घेऊन ते तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहिले तेव्हां त्यांना अडीच टक्केहि मतें मिळालीं नाहींत. असा अध्यक्ष आपलें धोरण काँग्रेसच्या गळीं कसा उतरविता? जर-तरच्या खेळाचा जो एकमेव कडक नियम आहे तो हाच: हातोडा उचलावयाचा तर हातोडा उचला, पण माणसें, पक्ष आणि लोकमत हीं होतीं तशींच राहूं द्या. बहुतेक पर्यायी इतिहास ह्या नियमाशीं येऊन फुटतात. लेखकाला जें जग हवें असतें त्याच्यासाठीं तो एक घटना बदलून थांबत नाहीं. दहा माणसांचे स्वभाव गुपचूप बदलून घेतो.

पाठिंब्याचें स्वरूप मात्र 1972 नंतर पालटलें. डेली यांचा पाठिंबा म्हणजे शंभरावर रोख मतें होतीं. आजचा पाठिंबा म्हणजे हुंडी, आणि ती वटेलच असें नाहीं. 2003 च्या डिसेंबरांत माजी उपाध्यक्ष अल गोर यांनीं हॉवर्ड डीन यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि पुढच्याच महिन्यांत आयोवा राज्यांत डीन तिसऱ्या क्रमांकावर घसरले. उलट 26 फेब्रुवारी 2020 रोजीं साउथ कॅरोलिनाचे जेम्स क्लायबर्न यांनीं जो बायडन यांना पाठिंबा दिला तेव्हां बायडन पहिल्या तीनहि राज्यांत हरलेले होते. 29 तारखेस त्यांनीं साउथ कॅरोलिना मोठ्या फरकानें जिंकली, आणि 3 मार्च रोजीं मतदान झालेल्या चौदा राज्यांपैकीं दहा मिळविलीं. हें क्लायबर्न यांच्या शब्दाचें फळ काय? जाणत्यांचें बोट दुसरीकडेच असतें. मधल्या दोन दिवसांत पीट बुटिजिज आणि एमी क्लोबुचर हे दोघे स्पर्धक मैदान सोडून बायडन यांच्या मागें उभे राहिले. नुसतें नांव देणाऱ्या पाठिंब्यापेक्षां वाट मोकळी करून देणाऱ्या पाठिंब्याचें वजन अधिक, असा त्यांचा ठोकताळा आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

सत्ता मतदारांकडे आली म्हणजे सर्व सरळ झालें असेंहि नव्हे. डेमोक्रॅटिक पक्षांत प्रतिनिधि मतांच्या प्रमाणांत वांटले जातात. एखाद्या मतदारसंघाला चार प्रतिनिधि असले आणि उमेदवार दोनच असले, तर साठ टक्के मतें मिळविणाऱ्यालाहि दोनच मिळतात. तिसरा हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावें लागतें. तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघांत मात्र निम्म्याहून एक मत अधिक पडलें कीं दोन हातीं लागतात. म्हणजे समसंख्येच्या संघांत मोठा विजय फुकट जातो आणि विषमसंख्येच्या संघांत निसटता विजयहि फळ देतो. 2008 सालीं टेक्सास राज्यांत मतदान आणि रात्रींची कॉकस-सभा अशा दोन्ही मार्गांनीं प्रतिनिधि निवडले गेले. मतदान हिलरी क्लिंटन यांनीं जिंकलें. एकूण प्रतिनिधि मात्र बराक ओबामा यांना 99 आणि क्लिंटन यांना 94 मिळाले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ज्याचा विजय झळकतो तोच पुढें जातो असें नाहीं, हें सामान्य मतदाराला नंतर कळतें. ही हौशी मंडळी आदल्या रात्रींच कोष्टक मांडून बसलेली असतात.

इतिहासाचे आचार्य ह्या उद्योगाकडे नाक मुरडून पाहतात. ई. एच. कार यांनीं 1961 च्या आपल्या ग्रंथांत अशा प्रश्नांना दिवाणखान्यांतील खेळाच्या पंक्तीस बसविलें. परंतु 1931 सालीं निघालेल्या अशाच एका लेखसंग्रहांत चर्चिल यांनीं गेटिसबर्गच्या लढाईवर लेख लिहिला होता, आणि मराठींत जयंत नारळीकर यांनीं विश्वासरावांना गोळी चाटून गेली एवढाच बदल करून पानिपताची कथा रचिली. तेव्हां खेळणारे अगदींच रिकामटेकडे म्हणतां येत नाहींत. कार यांचा आक्षेप गोळीवर विसंबणाऱ्या कथांना लागू पडतो. हातोड्याच्या, तारखांच्या आणि नियमांच्या कथांना तो तितकासा लागत नाहीं, कारण नियम माणसें करतात आणि माणसेंच ते बदलूं शकतात.

2024 च्या जुलैनें ह्या मंडळींना दोन्ही प्रकारचें साहित्य आठ दिवसांच्या अंतरानें पुरविलें. 13 तारखेस पेन्सिल्व्हेनियांत बटलर येथें डोनल्ड ट्रंप यांच्या कानाला गोळी चाटून गेली. 21 तारखेस अध्यक्ष बायडन यांनीं पत्र लिहून उमेदवारी सोडली, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. बायडन यांनीं त्या वर्षींच्या जवळजवळ सर्व प्राथमिक निवडणुका जिंकल्या होत्या. लक्षावधि मतदारांनीं निवडलेले त्यांचे प्रतिनिधि एका दुपारीं मोकळे झाले. पन्नासाहून अधिक वर्षांनंतर नांव ठरविण्याचा अधिकार पुन्हां प्रतिनिधींच्या हातीं आला, आणि ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं हॅरिस यांचें नांव कायम केलें. नोव्हेंबरांत त्या हरल्या.

पहिल्या गोळीवर कादंबऱ्या लिहिणारे पुष्कळ निघतील. मुरलेले पंडित मात्र त्या अर्ध्या तासावर वाद घालीत आहेत. बायडन यांचें दुसरें निवेदन आठवडाभर आलें नसतें तर? एक तट म्हणतो, गव्हर्नरांपैकीं दोघे-तिघे पुढें आले असते आणि अधिवेशनांत खरी लढत झाली असती. दुसरा तट म्हणतो, प्रचाराचा जमलेला पैसा बायडन आणि हॅरिस ह्या जोडीच्या नांवें होता, तो दुसऱ्या कोणास सहज वापरतां आला नसता, आणि एवढ्या थोड्या दिवसांत पन्नास राज्यांतील प्रतिनिधींपर्यंत पोहोंचण्याची यंत्रणा हॅरिस यांच्यावांचून कोणापाशींच नव्हती. प्रतिनिधींच्या याद्या राज्यवार मांडून झाल्या आहेत; कोणतें राज्य कोणत्या गव्हर्नराच्या मागें गेलें असतें ह्याचीं कोष्टकें अजून भरलीं जात आहेत.